राधानगरीचे दरवाजे आणि 50 हजार अक्षरं लांबचं बटण

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सकाळी उठल्या उठल्या चहाच्या आधी एकच प्रश्न असतो, राधानगरीचे किती दरवाजे उघडले? धरण इथून 50-55 किलोमीटर लांब, पण तिथले ऑटोमॅटिक दरवाजे उचलले की इकडं राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढणार, हे शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतंय.

आता असलंच एक लांबचं बटण तुमच्या माझ्या डीएनएत पण आहे.

एका लाल रक्तपेशीत हिमोग्लोबिनचे साधारण 27 कोटी रेणू भरलेले असतात. जीन म्हणजे डीएनएतला रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर, तो वाचून पेशी प्रोटीन बनवते. हिमोग्लोबिनचा अर्धा भाग ज्या जीनवरून बनतो तो बीटा ग्लोबिन, 11 नंबरच्या क्रोमोसोमवर, म्हणजे डीएनएच्या 11 नंबरच्या गुंडाळीवर. जीन तसा लहान, आणि त्याच्या प्रत्येक पेशीत दोनच कॉप्या, मग एवढा माल निघतो कुठनं? जीनच्या तोंडाशी त्याचं स्वतःचं एक स्विच असतंय, पण ते एकटं असलं तर काम अगदीच मिणमिणतं.

हे कळलं एका पेशंटमुळं. 1983 मध्ये हॉलंडमधली थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या जन्मजात आजाराची, एक केस छापून आली, त्यात बीटा जीन अक्षरन् अक्षर शाबूत, कुठं चूक नाही, तरी बंद! त्याच्या आधीचा डीएनएचा मोठा तुकडा, जवळपास 1 लाख अक्षरांचा, गायब होता. म्हणजे नुसता जीन वाचला असता तर रिपोर्ट नॉर्मल, आणि जीन मात्र ढिम्म. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतली भारी जागा हीच.

मग 1987 मध्ये लंडनला फ्रँक ग्रोसवेल्ड यांच्या टीमनं माणसाचा बीटा जीन त्या गायब तुकड्यातल्या लांबच्या भागासकट उंदरात घातला. आधी नुसता जीन घातला की तो कुठं जाऊन बसतो त्यावर सगळं अवलंबून, कधी थोडा चालायचा कधी नाहीच. लांबचा भाग जोडल्यावर जीन कुठंही बसू दे, फुल्ल चालू, आणि जितक्या कॉप्या तितका माल. या भागाला आता लोकस कंट्रोल रीजन म्हणतात, थोडक्यात एलसीआर.

हा एलसीआर बीटापासून सुमारे 50 हजार अक्षरं लांब. धागा सरळ ताणला तर 17 मायक्रॉन होतील, म्हणजे अख्ख्या लाल पेशीच्या रुंदीच्या दुप्पट! मग निरोप पोचतो कसा? धरणाचं पाणी नदीतनं वाहत येतंय तसा डीएनएवरनं सरकत येतो? बरीच वर्षं हा वाद चालला. आणि राधानगरीचं उदाहरण इथंच तुटतं, सॉरी, आता फेटा घ्या.

फेट्याचं कापड जमिनीवर पसरा, एका टोकाजवळ हळदीचा ठिपका लावा, दुसऱ्या टोकाकडं कुंकवाचा. दोन ठिपक्यांत कितीतरी हात अंतर. आता बांधणाऱ्यानं पीळ देऊन डोक्यावर वेढे घेतले की ते दोन ठिपके एकमेकाला चिकटून बसू शकतात, कापड तेवढंच, कमी झालं नाही. 2002 मध्ये उंदराच्या पेशींत हेच दिसलं. रक्त बनवणाऱ्या पेशीत एलसीआर आणि चालू ग्लोबिन जीन शेजारी शेजारी, मधला धागा बाहेर लूप होऊन लोंबतोय, आणि त्याच उंदराच्या मेंदूच्या पेशीत असली भेटच नाही.

वेढा धरून ठेवतात प्रोटीन, गाटा-वन आणि एलडीबी-वन वगैरे. एलडीबी-वनची खासियत म्हणजे ते दुसऱ्या एलडीबी-वनचा हात पकडतं. 2012 मध्ये फिलाडेल्फियात गर्ड ब्लोबेल यांच्या लॅबनं गाटा-वनच नसलेल्या पेशीत हा हात मुद्दाम बीटाच्या दारात नेऊन बांधला, वेढा पडला आणि जीन बऱ्यापैकी चालू झाला. म्हणजे वेढा हा नुसता परिणाम नाही, कारणच आहे.

आणखी एक. एलसीआर एकच, गिऱ्हाईकं अनेक. बाळ पोटात असताना तो गॅमा जीनला, म्हणजे बाळाचं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या बीटाच्या भावाला, भेटतो, जन्मानंतर हळूहळू बीटाकडं वळतो. म्हणून बीटा थॅलेसेमियाचं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं, घरात बारसं पेढे सगळं होतं, आणि सहा महिन्यांनंतर कधीतरी पोर पांढरं पडायला लागतं. गॅमा संपत आलेला असतो आणि बीटा येतच नाही. पुढं दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, आणि त्यातनं साठणारं लोह काढायची औषधं वेगळी.

गॅमाला दाबून ठेवतं ते प्रोटीन बीसीएल-इलेव्हन-ए. त्याचं पण एक लांबचं बटण आहे, रक्तपेशींपुरतं, जीनच्या सुरुवातीपासून 58 हजार अक्षरं आत. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटननं मंजूर केलेली कॅसजेव्ही ही क्रिस्पर (डीएनए हव्या त्या जागी कापायची कात्री) ट्रीटमेंट नेमकं तेच बटण मोडते. बिघडलेल्या बीटाला हातच लावत नाही! पेशंटच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, बाहेर काढून त्यात कट मारतात, परत देतात, रक्तपेशींत दाबणारं प्रोटीन कमी पडतं, आणि एलसीआर पुन्हा आपल्या जुन्या गिऱ्हाइकाकडं, गॅमाकडं, वेढा घेतो.