ब्रोचच्या मागे अडकलेलं कापड

हा व्हायकिंग ब्रोच आधी उलटा करून बघूया. पुढची नक्षी सगळेच दाखवतात, आपणही बघू, पण मला विचाराल तर खरा खजिना मागे आहे. आत पोकळ भाग, त्यात लोखंडी टाचणी गंजून पार फुगलेली, आणि तिला चिकटलेला कापडाचा एक इवलासा फासा, म्हणजे कपडा अडकवायचा लूप. हजारेक वर्षांपूर्वी एका बाईच्या अंगावर असलेल्या कपड्याचा तुकडा आहे हा!

असे तुकडे सापडले बिर्काला. स्वीडनमधल्या मेलारेन तळ्यातल्या एका बेटावर व्हायकिंग काळात, म्हणजे साधारण आठव्या ते अकराव्या शतकात, हे व्यापाराचं गाव होतं. 1871 मध्ये याल्मार स्टोल्पे नावाचा निसर्ग अभ्यासक तिथे अंबर (झाडाच्या चिकाचा दगडासारखा घट्ट झालेला पिवळसर खडा) शोधायला आला आणि पुढची वीसेक वर्षं तिथली थडगी उकरत राहिला, जवळजवळ 1100 थडगी. त्याने ग्राफ पेपरवर काढून ठेवलं कुठली वस्तू सांगाड्याच्या कुठे होती, म्हणून तर आज आपल्याला कळतं की हे लंबगोल ब्रोच जोडीने लागायचे, दोन्ही खांद्यांच्या खाली, छातीवर एकेक.

आत लांब बाह्यांचा झगा, त्यावर बिनबाह्यांचा जाड झगा, मागून खांद्यावरून येणारे त्याचे बंद पुढच्या छोट्या फाशांना या ब्रोचने अडकवायचे. म्हणजे दागिना तर आहेच पण तो काढला तर कपडाच खाली येईल. आकार कासवाच्या पाठीसारखा, दहा-अकरा सेंटीमीटर लांब, तांब्याच्या मिश्रधातूचा, भारी असेल तर दोन थरांचा, वर जाळी आणि खालच्या थरावर सोन्याचा मुलामा. मातीचा साचा करताना धातूची जाडी बरोबर यावी म्हणून आत कापड दाबायचे, त्या कापडाची वीण कधीकधी ब्रोचच्या आतल्या बाजूला तशीच उमटलेली दिसते.

दोन ब्रोचच्या मध्ये मण्यांच्या माळा. डेन्मार्कच्या रीबेमध्ये कारागीर जुन्या मोझेकच्या काचेच्या चिपा वितळवून मणी करायचे, आणि नंतर पूर्वेकडून लालसर अकीक यायला लागले, त्यांच्या उगमासाठी अभ्यासक कॉकेशस, इराण आणि आपल्या गुजरातकडेही बघतात. ब्रोचला साखळीने सुरी, सुयांची डबी, कात्री असं रोजच्या कामाचं सामान पण लटकायचं.

922 मध्ये बगदादहून आलेला अरब दूत इब्न फदलान व्होल्गाकाठी रुस लोकांना, म्हणजे पूर्वेकडे व्यापाराला गेलेल्या व्हायकिंगांना, भेटला. त्याने लिहिलंय की बायकांच्या छातीवर डब्या असतात, लोखंडाच्या, तांब्याच्या, चांदीच्या, सोन्याच्या, नवऱ्याच्या ऐपतीप्रमाणे, आणि नवऱ्याकडे दहा हजार दिरहम (अरबी चांदीची नाणी) झाले की बायकोच्या गळ्यात एक कडं चढतं, वीस हजार झाले की दोन. हिरव्या मण्यांचं वेड इतकं की एका मण्याला एक दिरहम मोजायचे. अनेक अभ्यासकांच्या मते त्या डब्या म्हणजे हेच ब्रोच.

पण सगळ्या बायकांकडे हे नव्हतं हं. कितीतरी थडग्यांत ब्रोच नाहीच, गुलाम बायकांचा तर प्रश्नच नाही. आणि ब्रोच नसला की कापडही नसतं, कारण तांब्याचे क्षार जंतूंना मारतात म्हणून टाचणीजवळचे धागे टिकतात, बाकी सगळं मातीत कुजून जातं.

साधारण 1000 च्या आसपास ख्रिस्ती धर्म आला, पोशाख बदलला, मृतांसोबत दागिने पुरायचं बंद होत गेलं. आजीचा झगा कसा अडकवायचे ते अशा फाशांवरून सांगता येतं, नातीच्या थडग्यात तेवढाही धागा राहिलेला नाही.