शब्बाथ : थांबण्याचा शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

मराठी बायबलमध्ये ‘शब्बाथ’ हा शब्द येतो. ‘विश्रांतीचा दिवस’ असा त्याचा अर्थ सांगून आपण पुढे जातो. पण हिब्रूत त्याचा धातू आहे श-ब-त, आणि त्या धातूत आधी येतं ते थांबणं. काम बंद होणं, खंड पडणं.

जलप्रलय ओसरल्यावर देव म्हणतो, पेरणी-कापणी, थंडी-ऊन, दिवस-रात्र यांत खंड पडणार नाही. तिथे हेच क्रियापद आहे. इस्राएली लोक कनान देशात पोचले, तिथलं धान्य खाल्लं, आणि वाळवंटात देवानं पुरवलेलं, आकाशातून पडणारं अन्न, मान्ना, थांबलं. तिथेही हेच! आजच्या इस्राएलमध्ये कामगारांचा संप म्हणजे ‘श्विता’. धातू तोच.

हिब्रूत सातला ‘शेवा’ म्हणतात, म्हणून शब्बाथ म्हणजे ‘सातवा’ असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नव्हे. दोन्हींचं शेवटचं व्यंजन वेगळं आहे. बाबिलोनच्या अक्कादी भाषेत पौर्णिमेच्या दिवसाला ‘शपत्तू’ म्हणत. काही अभ्यासक शब्बाथचं नातं तिथवर नेतात, त्यावर वाद आहे. मला धातूची साक्ष अधिक पटते.

हिब्रूत वारांना नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत. रविवार ‘पहिला दिवस’, सोमवार ‘दुसरा’. नाव मिळालं ते एका शब्बाथलाच, म्हणजे शनिवारला. तो शुक्रवारी सूर्य मावळताना, दिवे लावून सुरू होतो. आपण शनीवरून शनिवार म्हणतो. ज्यू परंपरेत उलट झालं, शनी ग्रहालाच ‘शब्ताई’ म्हणू लागले.

पण मी सर्वांत जास्त रेंगाळतो ते बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातल्या बाराव्या वचनावर. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी थांब. कशासाठी? तुझ्या बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, दासीच्या मुलाला आणि परक्याला दम घेता यावा म्हणून. ‘दम घेणं’ हे मी मुद्दाम म्हणतो. तिथलं हिब्रू क्रियापद ‘नेफेश’ या शब्दाशी जोडलेलं आहे, आणि नेफेश म्हणजे जीव, श्वास. मालकानं हात थांबवायचा, तेव्हा कुठे बैलाचा श्वास खाली बसतो.

हे वचन वाचताना मला आपलं कोकण दिसतं. अलिबागच्या आसपासच्या गावांत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवत. सोमवारी घाणा न जुंपणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. शनिवारी न जुंपणारे हे शनवार तेली. शेजाऱ्यांना हिब्रू येत नव्हतं. पण आठवड्यातून एक दिवस घाण्याची करकर ऐकू येत नसे, आणि डोळ्यांवरची झापडं काढलेला बैल गोठ्यात रवंथ करत बसलेला असे. गावानं त्यांना नाव दिलं ते त्या दिवसावरून.