‘सगळं ठीक ना?’ असं विचारलं की उत्तर एकच येतं

नमस्कार. विषय दिलाय पोलीस अधिकाऱ्यांचं नेतृत्व प्रशिक्षण. नोकरीची शेवटची काही वर्षं आणि रिटायर झाल्यावरही मी असा एक कोर्स चालवला, डीवायएसपी म्हणजे उपअधीक्षक, एसीपी म्हणजे सहायक आयुक्त, अपर अधीक्षक या लेव्हलच्या लोकांसाठी, तीन आठवड्यांचा, एका बॅचला चोवीस जण. तर मी सरळ वर्गात काय व्हायचं तेच सांगतो.

ही माणसं कोण ते आधी बघा. वय चाळीस ते पन्नास. काही जण एमपीएससी करून थेट डीवायएसपी झालेले, बाकीचे फौजदार म्हणून लागले आणि वीस-पंचवीस वर्षांनी इथवर आले. प्रत्येकाच्या हाताखाली चार-पाच पोलीस ठाणी, काहीशे माणसं. कायदा यांना पाठ आहे, दंगल बघितलीये, खुनाचे तपास केलेत, मंत्र्यांचे दौरे पार पाडलेत. पहिल्या दिवशी वर्गात बसतात तेव्हा चेहऱ्यावर लिहिलेलं असतं की आता आम्हाला काय शिकवणार, आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण आजवर त्यांना जे कोर्स मिळाले ते सायबरचे, फॉरेन्सिकचे, नवीन कायद्यांचे, माणसं कशी सांभाळायची हे कुणी शिकवलंच नाही, ते ज्याने त्याने आपापल्या साहेबाकडे बघून उचललं, चांगला साहेब मिळाला तर चांगलं, नाहीतर शिवीगाळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक एक्सरसाइज घ्यायचो. चार जण निवडायचे. एक बॅरिकेडवरचा शिपाई, दुसरा त्या पॉइंटचा फौजदार, तिसरा सेक्टरचा पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक, आणि चौथा शेजारच्या खोलीत कंट्रोल रूममध्ये बसलेला बंदोबस्ताचा प्रमुख. सगळ्यांच्या हातात वॉकीटॉकी. शिपायाला एक चिठ्ठी द्यायची, त्यावर लिहिलेलं असायचं, ‘मागून रेटा वाढतोय, पुढचं बॅरिकेड वाकलंय, बायका-पोरं अडकलीत, पाच मिनिटांत मागची एंट्री बंद करा.’ बस, हा मेसेज वर पाठवायचा. बदलू नका किंवा सौम्य करा असं कुणालाच काही सांगितलेलं नसायचं.

शिपाई झालेला अधिकारी बहुतेक वेळा जसंच्या तसं बोलायचा. फौजदार पुढे सांगायचा, ‘सर, गर्दी वाढलीये, थोडा रेटा आहे.’ पीआय सांगायचा, ‘गर्दी जास्त आहे, आम्ही लक्ष ठेवून आहोत.’ आणि शेजारच्या खोलीत काय पोचायचं? ‘सेक्टर तीन, गर्दी आहे, परिस्थिती नियंत्रणात.’ शब्द इकडेतिकडे व्हायचे पण जवळपास प्रत्येक बॅचला हेच. ‘पाच मिनिटांत’ हे शब्द कुठेतरी गळून जायचे, वाकलेलं बॅरिकेड तर पहिल्याच टप्प्यात गायब.

मग आम्ही चौघांना समोर बसवून एकच प्रश्न विचारायचो, का बदललंत? एका बॅचमध्ये फौजदाराच्या रोलमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याने, बावीस वर्षं सर्व्हिस झालेली, थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, ‘सर, मी तसंच्या तसं सांगितलं असतं तर वरून आलं असतं, मग तुला तिथे उभा कशाला केलाय.’ आणि मग तोच थांबला, कारण हे वाक्य त्याने स्वतः किती जणांना ऐकवलं असेल हे त्याला तिथेच आठवलं, आम्हाला काही बोलावं लागलं नाही.

हा एक्सरसाइज कागदावर लहान वाटतो. पण तुम्हाला नाशिक आठवत असेल, २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थाची पर्वणी, रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत ३०० च्या आसपास. त्या दिवशी कोण कुठे चुकलं ते बोलायला मी उभा नाहीये, त्यावर चौकश्या झाल्या. मी एवढंच सांगतो की गर्दी दाटायला लागली की हातात मिनिटं असतात, तास नसतात, आणि दाब कुठे वाढतोय हे सगळ्यात आधी कळतं ते बॅरिकेडला पाठ लावून उभ्या असलेल्या माणसाला, त्याच्या पाठीलाच कळतं ते. सीसीटीव्ही आले, ड्रोन आले, चांगलंच आहे, पण वरून गर्दी दिसते, तिच्या आतला रेटा दिसत नाही. आता नाशिक-त्र्यंबकचा पुढचा सिंहस्थ २०२७ चा आहे. त्यासाठी जे अधिकारी तयार होतायत त्यांनी घाटाचा नकाशा पाठ करावाच, पण त्यांचा शिपाई त्यांना खरं सांगेल का, हेही तपासून बघावं.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कोर्समध्ये प्रत्येक बॅचला सांगायचो. मी एसडीपीओ, म्हणजे उपविभागाचा पोलीस अधिकारी होतो, एका तालुक्याच्या गावची जत्रा. मी दर तासाला वायरलेसवर सगळे पॉइंट घ्यायचो आणि विचारायचो, ‘सगळं ठीक ना?’ एका पॉइंटवरचे हवालदार, वयाने माझ्यापेक्षा मोठे, म्हणाले, साहेब, इथे चार माणसं वाढवून द्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं वायरलेसवर बोललो, माणसं काय खिशातून काढून देऊ का, आहे त्यात भागवा. पुढच्या तासाला विचारलं तर उत्तर आलं, ‘ठीक आहे साहेब.’ त्याच्या पुढच्या तासालाही ‘ठीक आहे साहेब.’ संध्याकाळी त्याच पॉइंटवर पाळण्याच्या रांगेत ढकलाढकली झाली, रेलिंग पडलं, एका मुलीचा पाय मोडला, अजून दोघांना लागलं. रात्री मी हवालदारांना विचारलं, मला सांगितलं का नाही. ते म्हणाले, ‘साहेब, सकाळी सांगितलं होतं.’ आवाज चढवला नाही, काही नाही, एवढंच बोलले आणि सॅल्यूट करून गेले. त्या मुलीचे वडील दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, ते अजून डोळ्यासमोर आहेत. हा कोर्स चालवायचं माझ्या मनात आलं ते तिथून.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की खांद्यावरचे स्टार वाढतात तसं खरं ऐकू येणं कमी होत जातं, आणि मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याला शिकवायची पहिली गोष्ट ही की वाईट बातमी आपल्यापर्यंत लवकर कशी पोचेल याची व्यवस्था त्याने स्वतः लावायची असते, ती आपोआप लागत नाही.

आता हे फक्त बंदोबस्तापुरतं आहे असं समजू नका. क्राइम मीटिंग घ्या. दर महिन्याला सगळे पीआय बसतात, मागच्या महिन्यात चोऱ्या किती, या महिन्यात किती, मागच्या वर्षी याच महिन्यात किती. ज्याचा आकडा वाढला तो उभा राहतो आणि बोलणी खातो. मग तो ठाण्यात जाऊन काय करेल? मोबाईल चोरीला गेला म्हणून आलेल्या माणसाला गहाळ झाल्याचा अर्ज लिहायला लावेल, जबरी चोरी असेल तर साधी चोरी लावेल. दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर घ्यायचीच, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी केसमध्ये स्पष्ट सांगितलं, वर्गातल्या चोवीसही जणांना ते माहीत असतं. तरी गुन्हा दाखल होत नाही त्याचं कारण कायद्याच्या अज्ञानात नसतं, ते मीटिंगमधल्या त्या पहिल्या प्रश्नात असतं. म्हणून आम्ही वर्गात खरीखुरी क्राइम मीटिंग भरवायचो आणि अट घालायची की आकडा वाढला का कमी झाला हे विचारायचंच नाही. मग काय विचारायचं? किती जणांना पहिल्याच फेरीत एफआयआर मिळाली, कुठला तपास अडलाय, कशामुळे अडलाय, मी काय देऊ. पहिली दहा मिनिटं लोकांना बोलताच यायचं नाही, एवढी सवय झालेली असते.

नवीन कायदा आल्यापासून तर हे आणखी महत्त्वाचं झालंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचंय. आता रात्री दोन वाजता एखाद्या वस्तीत झडती चालू आहे, मोबाईलला रेंज नाही, बॅटरी संपली, रेकॉर्डिंग अर्धवट राहिलं. अशा वेळी तपासी अंमलदाराने फोन करून सांगायला हवं की साहेब असं झालंय, काय करू, आणि डायरीत तसंच लिहायला हवं. साहेबाला घाबरून त्याने दुसऱ्या दिवशी पंचांना परत बोलावून जप्तीचं नाटक शूट केलं तर केस तर जाईलच, आणि एक चांगला तपासी अंमलदार खोटं करायला शिकेल तो कायमचा. साहेबाची भीती कागदावर उतरते हो, मुद्देमालाच्या पावतीपासून स्टेशन डायरीपर्यंत.

हे काही मी नवीन शोधलेलं नाही. पोलीस प्रशिक्षणाचा विचार करायला १९७१ मध्ये केंद्राने समिती नेमली होती, अध्यक्ष होते आपल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचे तेव्हाचे संचालक प्रा. एम. एस. गोरे. पोलीस ट्रेनिंगवरच्या समितीच्या प्रमुखपदी एक समाजशास्त्रज्ञ, पन्नास वर्षांपूर्वी, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ट्रेनिंग फक्त कायदा आणि कवायतीपुरतं राहू नये, माणसाची वागणूक समजून घेणं आणि पोलिसांची वृत्ती बदलणं हेही त्यात यायला हवं, हा त्यांचा आग्रह होता. आयपीएसवाल्यांना आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत सर्व्हिसच्या ठराविक टप्प्यांवर, फेज तीन, चार, पाच, असं मिड-करिअर ट्रेनिंग करावंच लागतं. पण लोकांना रोज ज्याच्याकडे जावं लागतं तो राज्य सेवेतला डीवायएसपी, त्याच्या वाट्याला हे फार थोडं येतं आणि मला ते खटकतं.

आमच्या कोर्समध्ये एक बदल मी भांडून करून घेतला. फॅकल्टीमध्ये एक हवालदार आणि एक महिला शिपाई. पाहुणे म्हणून नाही, पूर्ण तीन आठवडे, टाइमटेबलमध्ये नाव. आधी विरोध झाला, शिस्तीचं काय, अधिकारी हवालदाराकडून शिकणार का. पण त्या महिला शिपायाने जेव्हा सांगितलं की बारा तासांच्या बंदोबस्तात बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण पॉइंटच्या आसपास टॉयलेट कुठेच नसतं, तेव्हा लक्षात आलं की त्या वर्गातल्या किती तरी जणांनी अशा बंदोबस्ताच्या स्कीम स्वतःच्या सहीने काढलेल्या होत्या. कुणीच त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगायची सोयच नव्हती.

आणि खालून आलेलं ऐकल्यावर काय होऊ शकतं याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने आठ तासांच्या ड्यूटीचं गणित मांडून ते आयुक्तांपर्यंत पोचवलं, आहे त्याच मनुष्यबळात पाळ्या कशा लावता येतील असं. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते बाजूला ठेवलं नाही, मे २०१६ मध्ये देवनारलाच प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो मुंबईतल्या बाकीच्या ठाण्यांपर्यंत गेला. त्याच्याही आधीची भिवंडी. १९७० आणि १९८४ ला तिथे भयानक दंगली झाल्या होत्या. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले, त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, दोन्ही समाजाची माणसं एकत्र आणि त्यांच्याबरोबर त्या त्या भागातले पोलीस, आणि या बसायच्या त्या शांततेच्या काळात, दंगल पेटल्यावर नाही. डिसेंबर ९२-जानेवारी ९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यामागे साध्या बीटवरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या भागात फिरणाऱ्या पोलिसाला माणसं नावानिशी माहीत असणं हे होतं, आणि त्याची माहिती वर गांभीर्याने घेतली जाणं हे होतं.

दरवेळी एक आक्षेप यायचा आणि तो रास्त आहे. सर, पोलीस दल आहे, चर्चामंडळ नाही, दगड पडायला लागल्यावर मी प्रत्येकाचं मत विचारत बसू का? अजिबात नाही. लाठीचार्जचा हुकूम दिला की तो तिथल्या तिथे पाळलाच गेला पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्या हुकुमाच्या आधीचे सहा तास असतात, आदल्या दिवशीचं ब्रीफिंग असतं, नंतरची डीब्रीफिंग, म्हणजे काय झालं याची चर्चा असते, जी आपल्याकडे बहुतेक होतच नाही, लोक गाडीत बसून घरी जातात. ऐकायची जागा तिथे आहे. तिथे ज्याचं ऐकलं गेलंय तो माणूस हुकूम पाळतानाही मनापासून पाळतो, हे मी बघितलंय.

दुसरी तक्रार बदल्यांची, त्यावर माझ्याकडे तितकं चांगलं उत्तर नसायचं. एसपी, म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, आणि ठाणेप्रमुख यांना किमान दोन वर्षं मिळाली पाहिजेत असं सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंग केसमध्ये २००६ लाच सांगितलं. पण सात-आठ महिन्यांत उचलबांगडी झालेले अधिकारी प्रत्येक बॅचमध्ये असायचे आणि विचारायचे, विश्वास बसायला वर्ष लागतं, तो बसेपर्यंत मी तिथे असणार आहे का? मी त्यांना खोटा धीर दिला नाही.

कोर्स संपला की सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, चहा, तिथे विषय संपतो. आम्ही तसं केलं नाही. सहा महिन्यांनी आमच्यातले दोघं त्या अधिकाऱ्याच्या उपविभागात जायचो आणि त्याला बाहेर ठेवून त्याच्या माणसांशी बोलायचो, ठाणे अंमलदार, बीट अंमलदार, ड्रायव्हर. कोर्सचा खरा निकाल तिथेच कळायचा. काही ठिकाणी काही म्हणजे काहीच बदललेलं नसायचं, तेही सांगतो.

एका गावात गणपती विसर्जन आठवड्यावर आलेलं. एक हवालदार आमच्यासमोर बसलेले, टोपी मांडीवर, आधी नुसतं ‘साहेब चांगले आहेत’ एवढंच. मी विचारलं, काही फरक? ते म्हणाले, ‘आधी साहेब वायरलेसवर विचारायचे, सगळं ठीक ना. आता विचारतात, अडचण काय आहे.’ मग जरा थांबले आणि म्हणाले, ‘मग सांगून टाकू का? आमच्या तळ्याच्या पॉइंटला लाइट नाहीये, पायऱ्यांवर शेवाळ आहे, मागच्या वर्षी दोन पोरं घसरली होती. साहेबांना काल सांगितलंय.’ आम्ही संध्याकाळी त्या अधिकाऱ्याबरोबर तळ्यावर गेलो. नगरपालिकेची दोन माणसं पायऱ्या घासत होती, आणि एक वायरमन खांबावर चढलेला होता.