शेवटची पाच वर्षं

(दृश्य : सोलापूर, पूर्व भाग. सकाळ. अरुंद गल्ली, ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बसलेल्या दोघी-तिघी.)

निवेदन :

साखर पेठेत, अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत, कुंभारीच्या घरकुलांत, कुठंही जा. सकाळी बायका घाईत असतात. काल वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायच्या, आजची पानं आणि तंबाखू घ्यायची आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचं.

(दृश्य : हात, अगदी जवळून.)

या अक्कांचे हात बघा. तेंदूची पानं रात्री पाण्यात भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली होती. पानावर पत्र्याचा लहानसा आयताकृती साचा ठेवून कात्री फिरते. जाड शीर मध्ये आली तर तेवढा तुकडा बाद. मग चिमूटभर तंबाखू, अंगठा आणि तर्जनीत एक वळसा, टोक आत दुमडायचं, दोऱ्याचे वेढे, गाठ. नजर दुसरीकडे, तेलुगूत शेजारणीशी बोलणं चालू आणि बोटं आपली चाललेली. मे महिन्यात मात्र सोलापूरचं ऊन पानाला सोसत नाही. ते कडक होतं, वळताना चिरतं आणि त्या दिवशीचा आकडा खाली येतो.

मजुरी हजार विड्यांमागे मिळते. म्हणजे पगार ठरतो तो बोटांच्या वेगावर. या बायकांच्या पेन्शनचा पुढचा सगळा हिशेब याच गोष्टीपाशी येऊन अडतो, म्हणून ती लक्षात ठेवा.

(दृश्य : कारखान्याची खिडकी, विड्या तपासणारा माणूस.)

संध्याकाळपर्यंत विड्यांच्या जुड्या बांधून होतात. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांची तपासणी. सैल वळलेली, तोंड उघडलेली, आखूड झालेली विडी छाटात जाते. छाटाचे पैसे मिळत नाहीत. छाट म्हटलं की आजही बायकांचा आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा. पान खराब आलं तर त्यात वळणारीचा काय दोष?

पण याच छाटानं त्यांना एक मोठा हक्क मिळवून दिला. १९७७ साली विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे फंडाचा, कायदा लागू झाला. मालकांचं म्हणणं होतं की या बायका आपापल्या घरी बसून विड्या वळतात, त्या आमच्या कामगार कशा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की तयार माल नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, त्याचं कामावर नियंत्रण आहे. म्हणून घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगार आहे आणि तिला फंड लागू आहे. देशात घरी बसून काम करणाऱ्या किती बायकांना असं संरक्षण आहे? शिवणकाम, पापड, उदबत्ती, बहुतेक ठिकाणी काहीच नाही. विडी कामगारांना ते मिळालं आणि ते टिकवायला सोलापुरात कामगार संघटना वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या. कुंभारीचं दहा हजार घरांचं गोदूताई परुळेकर घरकुल त्याच चळवळीतून उभं राहिलं.

(दृश्य : फंडाचं पासबुक, पानं उलटताना.)

आता पैशांचं. विडी उद्योगात फंडाचा दर १० टक्के आहे. शंभर रुपये मजुरीतून कामगाराचे दहा रुपये कापले जातात, मालक आपले दहा घालतो. कामगाराचे दहाच्या दहा फंडात जमा होतात. मालकाच्या दहातले ८ रुपये ३३ पैसे मात्र पेन्शनकडे वळतात, उरलेले १ रुपया ६७ पैसे फंडात. पेन्शनच्या खात्यात केंद्र सरकार १.१६ टक्के भर घालतं. ही १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. दहा वर्षांची सेवा भरली की वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शन सुरू.

किती पेन्शन? सूत्र असं : सरासरी मासिक पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. वीस वर्षं पुरी केलेल्यांना दोन वर्षं जादा धरतात.

मेख आहे ती सरासरीत. २०१४ पासून ही सरासरी शेवटच्या साठ महिन्यांची काढतात. ऑफिसातल्या माणसाला हे सोयीचं आहे, कारण त्याचा पगार वर्षागणिक वाढत जातो आणि शेवटची पाच वर्षं सगळ्यात चांगली असतात. विडी वळणारीचं नेमकं उलटं होतं. तिशी-चाळिशीत भरभर चालणारी बोटं पन्नाशीनंतर आखडतात. मान धरते, डोळ्यांना दोरा दिसत नाही, तंबाखूच्या धुळीनं खोकला मागे लागलेला असतो. हजार वळणारी बाई पाचशे-सहाशेवर येते. दर वाढला तरी हातात कमीच पडतं. त्यात विडीचा खप घटत चाललाय, कारखाने आठवड्यातून पुरे दिवस काम देत नाहीत. फंड भरला गेला नाही ते दिवस सेवेतून वजा.

एक हिशेब मांडून बघू. वीस वर्षं सेवा झालेली बाई, दोन जादा, बावीस. तिची महिन्याची सरासरी ६,३०० रुपये धरली तर पेन्शन येते १,९८०. हात मंदावल्यावर तीच सरासरी ३,५०० वर उतरली तर पेन्शन १,१००. सेवा तीच, बाई तीच. आणि पंधरा वर्षं सेवा, ४,२०० ची सरासरी असेल तर सूत्रानं ९०० रुपयेच बसतात. मग किमान पेन्शनच्या नियमानं ते १,००० केले जातात.

हा एक हजाराचा आकडा सप्टेंबर २०१४ मध्ये ठरला. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. २०१४ चे हजार रुपये आणि आजचे हजार रुपये यांत किती डाळ-तांदूळ येतो, ते सोलापुरातल्या कुठल्याही किराणा दुकानात विचारा.

(दृश्य : सेतू केंद्राबाहेरची रांग. एक म्हातारी बोट मशीनवर पुन्हा पुन्हा दाबते आहे.)

पेन्शन मिळायला लागली तरी ती चालू ठेवायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोट मशीनवर ठेवायचं. पण आयुष्यभर पान आणि तंबाखू घासून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. मशीन ओळखत नाही. अशा वेळी मागे फिरू नका. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. आणि त्यासाठी नोव्हेंबरच हवा असंही नाही. या पेन्शनचा दाखला वर्षात कधीही द्या, तिथून पुढे बारा महिने चालतो.

त्याहून जास्त नुकसान होतं ते आधीच, कारखाना बदलताना. एक कारखाना बंद पडला की बायका फंड काढून घेतात आणि दुसरीकडे नव्यानं नाव घालतात. मुलीचं लग्न असतं, घरावर पत्रे टाकायचे असतात, पैसा समोर दिसतो. पण दहा वर्षं भरायच्या आत पेन्शनचा हिस्सासुद्धा काढून घेतला, तर तेवढी सेवा पुसली जाते. पुढे नवी दहा वर्षं भरेपर्यंत ५८ उलटून जातं. लग्नासाठी, आजारपणासाठी, घरासाठी फंडातून आगाऊ रक्कम उचलता येते आणि तिनं पेन्शनला धक्का लागत नाही. जुना फंड नव्या खात्यात वळवून घेता येतो. पेन्शनच्या सेवेचं प्रमाणपत्र घेऊन ठेवता येतं. हे कारखान्याच्या खिडकीवर कुणी समजावून सांगत नाही. सांगायला हवं.

नावाचंही तसंच. माहेरचं नाव फंडात, सासरचं आधारवर, जन्मसाल अंदाजानं लिहिलेलं. ही दुरुस्ती पन्नाशीतच करून घ्यावी, ५८ व्या वर्षी अर्ज परत आल्यावर नव्हे.

आणखी एक. काम चालू असताना बाई गेली, तर फंडाशी जोडलेल्या विम्यातून वारसाला अडीच ते सात लाख रुपये मिळू शकतात. किमान अडीच लाखांसाठी आधीचे बारा महिने सलग नोकरी लागते. त्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराचा रुपयाही कापला जात नाही. त्यासाठी वारसाचं नाव नोंदलेलं असावं. पुष्कळ घरांत या विम्याची कुणालाच कल्पना नसते.

(दृश्य : यंत्रमागाचा खडखडाट.)

याच घरांतली पुरुष माणसं मागावर असतात, चादर आणि टॉवेल विणतात. ज्यांचा फंड कापला जात नाही, अशांसाठी २०१९ पासून श्रमयोगी मानधन योजना आहे. वय १८ ते ४०, महिन्याची कमाई १५,००० पर्यंत. एकोणतिसाव्या वर्षी शिरलात तर महिन्याला शंभर रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालतं, साठीनंतर दरमहा ३,०००. फंड असलेल्या विडी कामगाराला ही योजना घेता येत नाही. म्हणजे वीस वर्षं फंड कापून घेतलेल्या बायकोच्या हातात हजार-अकराशे, आणि फंडाबाहेरच्या नवऱ्याला तीन हजारांची हमी. ही विसंगती दुरुस्त व्हायलाच हवी.

(दृश्य : पुन्हा हात. कात्री, साचा, पान.)

देशभरातले पेन्शनर किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागताहेत. ती मागणी रास्तच आहे. विडी कामगारांसाठी तिला आणखी एक जोड द्यावी असं आम्हांला वाटतं : नगावर मजुरी मिळणाऱ्यांची सरासरी शेवटच्या पाच वर्षांची न धरता, सगळ्यात जास्त कमाईच्या पाच वर्षांची धरावी. त्या वर्षांच्या मजुरीवरचा फंड कारखान्यानं भरलेला आहे आणि त्याची नोंद फंडाच्या कार्यालयात आहे.