दाराचं पुरुमेंत

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना अर्ध्यावर आला आहे आणि घराघरांत पुरुमेंताची लगबग सुरू झाली असेल. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी. सुक्या मिरच्या, सोलं, कांद्याच्या माळा, सुकी मासळी, उकडे तांदूळ. ‘पुरुमेंत’ हा शब्द आपल्याकडे गोव्यात पोर्तुगिजांकडून आला, पण आता तो इतका आपला झाला आहे की हिंदू घर असो वा ख्रिस्ती घर, मे महिना आला की तो प्रत्येकाच्या तोंडी असतो. आपण पोटाची बेगमी करतो, पण जिथून पाऊस घरात शिरतो त्या दाराची बेगमी मात्र राहून जाते. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. ओटा, बलकांव म्हणजे दारापुढची बसायची पडवी, उंबरठा आणि उंबरठ्याच्या आतली पहिली चार पावलं. घराची एवढीच जमीन.

गोव्यात मान्सून साधारण ५ जूनच्या आसपास पोचतो आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस देऊन जातो. तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. आपली माती जांभ्याची. जांभ्या दगडाला इंग्रजीत ‘लॅटराइट’ म्हणतात, ते नाव १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी दिलं, ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. कारण हा दगड खाणीत ओला असताना कुऱ्हाडीने विटेसारखा कापता येतो आणि वाऱ्यावर आला की कडक होतो. आपले चिरे तेच. या दगडात आणि त्याच्या मातीत लोहाचे ऑक्साइड भरपूर. ती लाली लोखंडाची आहे. म्हणून पावसात चालून आलेल्या माणसाचं पाऊल पांढऱ्या टाइलवर पडलं की नुसता चिखल राहत नाही, तिथे रंग चढतो.

आणि गंमत अशी, की जुन्या घरांत आपल्या वाडवडिलांनी जी तांबडी जमीन केली, सिमेंटमध्ये तांबडा रंग घोटून गुळगुळीत केलेली, तिच्यातला रंगसुद्धा लोहाचाच ऑक्साइड. तांबड्या मातीच्या मुलुखात तांबडी जमीन. त्यावर पावलं उमटली तरी ओरडून दिसत नसत आणि एका ओल्या फडक्याने निघून जात. आमच्या फोंडा तालुक्यातल्या घरी ओट्यावर अशीच जमीन होती. वर्षानुवर्षं नारळाच्या सोडणाने घासून तिला इतकी सुंदर झळाळी आली होती की उन्हाळ्यात दुपारी मुलं उघड्या अंगाने तिच्यावर लोळत. मग आम्ही घर दुरुस्त केलं आणि त्या जमिनीवर चकचकीत पांढरी टाइल बसवली.

तो निर्णय आमचाच होता, दुसऱ्या कुणाचा नव्हे. पुढच्याच श्रावणात सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालून परत आल्या, ओट्यावर पाऊल टाकलं आणि घसरल्या. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना त्यांना नुसतं बसून बघावं लागलं. हातात काही धरता येत नव्हतं, आणि त्या काही बोलत नव्हत्या. तेव्हापासून दाराची जमीन हा माझ्यासाठी शोभेचा विषय राहिलेला नाही.

म्हणून पहिली गोष्ट. ज्यांना दुरुस्ती करायची आहे त्यांनी ओट्यावर आणि पायऱ्यांवर गुळगुळीत टाइल घेऊ नका. खरखरीत पृष्ठभागाची, पाण्यातही पाय धरून ठेवणारी टाइल मिळते. तासलेला दगड मिळतो. दुकानात टाइल कोरडी असते, म्हणून ती सगळीच सारखी वाटते. त्यावर पाणी ओतून, अनवाणी उभं राहून बघा. आणि ज्यांनी आमच्यासारखी चूक आधीच केली आहे त्यांनी निदान पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी चिकटवावी आणि भिंतीला एक कडी किंवा दांडा बसवावा, धरायला.

आता बाहेरून आत येऊ या. आधी पागोळ्या. कौलांवरून पाणी धारेने खाली पडतं आणि जिथे पडतं तिथली माती उडवून ओट्यावर आणि भिंतीवर फेकतं. ओटा कितीही पुसला तरी तासाभरात पुन्हा लाल ठिपके. फडकं घेऊन किती वेळ लढणार? पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेवर वीतभर रुंदीची खडी पसरा. नाहीतर सपाट चिरे मांडा. पाण्याची धार खडीवर फुटते आणि माती उडत नाही. जुन्या घरांभोवती चिऱ्यांचा पट्टा आणि त्याच्यालगत पन्हळ असे, ती याचसाठी. ती पन्हळ मे महिन्यात मोकळी करून घ्या. फणसाची पानं, माडाची पोय, प्लास्टिकच्या पिशव्या, काय काय निघेल. आणि वाऱ्याच्या बाजूने जिथे झड येते तिथे विणलेल्या झावळ्यांची झापं बांधा, किंवा हल्ली बांधतात तसं ताडपत्रीचं छप्पर पुढे काढा. ओट्यावर झड येणं थांबलं की अर्धं काम झालं.

मग पाय. माझ्या लहानपणी आजोळी ओट्याच्या कोपऱ्यात एक दगड आणि पाण्याने भरलेली घागर असे. बाहेरून आलेल्या माणसाला आजी आत घ्यायच्या आधीच म्हणे, “गो, आधी पाय धू.” आपल्या देवळांतही तळीवर पाय धुऊनच वर जायची रीत आहे. त्यामागे श्रद्धा होतीच, पण शेतातून, बांधावरून आलेला चिखल दारातच राहत होता हेही खरं. आता अंगणात नळ असतो. तो पायऱ्यांच्या जवळ घ्या, खाली एक चिरा मांडा आणि पाणी झाडांकडे काढून द्या. शेतात, साचलेल्या पाण्यात काम करून येणाऱ्यांनी तर साबणाने पाय धुवावेत. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि पायावरची बारीक जखम त्याला पुरते.

पायपुसणी दोन लागतात. एक दाराबाहेर, काथ्याचं, जाडंभरडं. त्यावर पाय घासायचे. काथ्या नारळाच्या सोडणाचा, पाण्यात कुजवूनच तो काढतात, म्हणून तो ओलाव्याला लवकर हार जात नाही. दुसरं दाराच्या आत, पाणी शोषणारं. गोणपाट उत्तम, नाहीतर जुन्या सुती साडीची चार पदरी घडी. बाजारात मिळतात ती मऊ केसाळ पायपुसणी पावसाळ्यात घेऊ नका. ती दोन दिवसांत ओलीच राहून वास मारतात आणि खाली रबर असलं तर जमिनीवर डाग उठवतात. गोणपाटाचे चार-पाच तुकडे आत्ताच, ऊन आहे तोवर, धुऊन वाळवून ठेवा. जुलैमध्ये धुतलेलं गोणपाट वाळत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. रोज संध्याकाळी ओलं काढायचं, कोरडं घालायचं. दाराचं पुरुमेंत म्हणजे मुख्यतः हेच.

वहाणांसाठी उघडी फळ्यांची मांडणी बरी. बंद कपाटात चामड्यावर बुरशी चढते. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्रीतून बदला. छत्रीसाठी एक जुनी बादली. आणि एक सवय मुलांना नक्की लावा. बूट घालण्याआधी उलटा करून आपटायचा. पावसात विंचू, साप कोरडी जागा शोधत येतात, आणि ओट्यावरचा बूट त्यांना आयताच मिळतो.

पहिल्या पावसाच्या संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे दिव्याकडे झुंडीने येतात. सकाळी उंबरठ्यावर पंखांचा ढीग. त्या एका-दोन संध्याकाळी बाहेरचा दिवा मालवून ठेवला तर बरेचसे येतच नाहीत. पंख ओल्या फडक्याने गोळा करा, केरसुणीने ते नुसते उडतात.

याच दिवसांत आणखी एक प्रकार होतो. पाऊस आलेला नसतो, तरी जमिनीला घाम फुटतो. तळमजल्याच्या टाइलवर पाणी उभं राहतं. जमीन थंड असते, बाहेरून गरम दमट हवा आत येते आणि त्या थंड जमिनीवर तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात ना, तसंच. अशा वेळी ओल्या पोछ्याने पुसून उपयोग नाही, उलट पाणी वाढतं. कोरड्या फडक्याने टिपा, खिडक्या काही वेळ लावून घ्या आणि पंखा चालू ठेवा. म्हाताऱ्या माणसांना तेवढा वेळ चालू देऊ नका.

आता शेवाळ. चिरा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो, आणि त्यावर जुलैपर्यंत हिरवी पोपडी धरते. पायरीवरचं शेवाळ हे पावसाळ्यातलं सगळ्यात धोक्याचं. ते मे महिन्यातच खराट्याने खरवडून काढा आणि मग ऑगस्टमध्ये दोन दिवस उघडीप मिळाली की पुन्हा. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवली, खराट्याने घासली आणि भरपूर पाण्याने धुतली तर शेवाळ निघतं. ते पाणी तुळशीकडे जाऊ देऊ नका. आणि कृपा करून ऐका: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकत्र करू नका. दोन्ही मिळून जास्त स्वच्छ होईल असं वाटतं, पण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तो छातीत गेला तर माणूस गुदमरतो. एकामागून एक वापरायचं असलं तरी मध्ये भरपूर पाण्याने धुऊन टाका.

मातीच्या लाल डागांवर ब्लीचिंग चालत नाही. ते लोखंडाचे डाग, त्यांना आंबट लागतं. आपल्या परसातली बिंबलं, ती हिरवी आंबट फळं, यावर नामी. त्यांच्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं, म्हणून तर कपड्यांवरचा गंज त्यांनी जातो. बिंबल कापून डागावर घासा, पाच मिनिटांनी धुऊन टाका. पण हे चिनी मातीच्या टाइलवरच. संगमरवर, मोझेक, कोटा फरशी, सिमेंटची तांबडी जमीन, या सगळ्यांत चुनखडीचा अंश असतो आणि आंबट त्यांना खातं. झळाळी एकदा गेली की गेली. त्यांना साधं पाणी, थोडा सौम्य साबण आणि दुसऱ्या बादलीतलं स्वच्छ पाणी. दोन बादल्या म्हणते आहे मी. एकाच बादलीत फडकं बुडवत राहिलं तर शेवटी आपण लाल पाणीच सगळीकडे सारवतो. साबण जास्त घातला तर त्याचा थर राहतो, त्यावर धूळ चिकटते आणि पायही घसरतो.

तांबड्या जमिनीवर खोबरेल तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन फिरवायची पद्धत आहे. झळाळी छान येते. पण हे दिवाळीनंतर करा, पावसात अजिबात नको.

दिवाळीनंतर काम हलकं होतं. हवा कोरडी, धूळ बारीक. डिचोली-साखळीकडच्या रस्त्यालगतच्या घरांना खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ ठाऊक आहे, किनाऱ्याकडच्या घरांना वाळू. वाळूचा कण स्फटिकाचा, संगमरवरापेक्षा पुष्कळ कठीण. म्हणून आधी झाडून मगच पुसा, नाहीतर प्रत्येक पोछा म्हणजे घासकागद. शिगम्याचा गुलाल आधी कोरडाच झाडून काढा, पाणी लागलं की तो जमिनीत उतरतो. काजूच्या दिवसांत बोंडूचा रस सांडला तर लगेच धुवा. तेवढं पुरे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना अंगण नाही, पागोळ्या नाहीत. त्यांनी दाराबाहेर काथ्याचं आणि आत सुती अशी दोन पायपुसणी आणि ओल्या छत्रीसाठी बादली एवढं केलं तरी चालेल. जिन्यात सांडलेलं पाणी मात्र स्वतः टिपा. तिथून शेजारची आजीही उतरत असते.

आणि हे सगळं करणार कोण? बहुतेक घरांत एकच बाई वाकून पुसत असते, आणि बाकीचे तिने पुसलेल्यावरून चालत जातात. माझं म्हणणं असं, की प्रत्येकाने आपलं पाऊल आपण धुवावं, आपली वहाण आपण फळीवर ठेवावी, आणि संध्याकाळी गोणपाट बदलणं हे मुलांचं काम असावं. आमच्याकडे ते नातवाकडे आहे. तो सहावीत आहे आणि विसरत नाही, कारण सासूबाईंचा हात त्याने प्लास्टरमध्ये बघितलेला आहे.

सासूबाई आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. ओट्यावरची ती पांढरी टाइल आम्ही दोन वर्षांपूर्वी उखडली, खाली जुनी तांबडी जमीन निघाली. काही ठिकाणी फुटली होती, पण बरीचशी शाबूत. गवंड्याने फुटलेल्या जागा भरून दिल्या. रंग अजून जुळलेला नाही, ठिगळं दिसतात. रोज सकाळी सासूबाई दारातली कडी धरून तिच्यावर पाय टेकतात, क्षणभर थांबतात आणि मग तुळशीकडे जातात. आज गोणपाटं धुऊन अंगणात वाळत घातली आहेत. पाच तुकडे आहेत. सोमवारी पन्हळ काढायला माणूस येणार आहे.

नमस्कार.