काम करायला सहा दिवस आहेत ना?

श्रोतेहो, नमस्कार.

लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, सभास्थानाचा एक अधिकारी भेटतो. अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला येशूने शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी सरळ उभं केलं आणि हे गृहस्थ चिडले. गंमत म्हणजे ते येशूला काही बोलत नाहीत, लोकांवरच ओरडतात: काम करायला सहा दिवस आहेत, त्या दिवशी येऊन बरे व्हा! हिशेबाने पाहिलं तर त्यांचं चुकलेलं नाही. अठरा वर्षं थांबलेली बाई आणखी एक दिवस थांबली असती. येशूचं उत्तर मात्र थेट गोठ्यातून येतं. शब्बाथाला तुम्ही बैल, गाढव सोडून पाण्यावर नेताच ना? जनावराला दिलेली सूट हिला का नाही?

ईस्टरआधीच्या उपवासकाळात हा अधिकारी आपल्याही घरांत येतो. बहुतेक वेळा तो आजारी माणसाच्या स्वतःच्याच मनात बसलेला असतो. बहात्तर वर्षांची आजी, मधुमेह, रोज इन्सुलिन, आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सकाळी ठाम उत्तर: "आज मी काही खाणार नाही."

आजींना आधी नियमच नीट सांगायला हवा. कॅथलिक धर्मसभेच्या कायद्यानुसार उपवास बंधनकारक आहे तो राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, या दोनच दिवशी; तोही १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. उपवास म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो. म्हणजे आजींवर उपवासाचं बंधन गेली तेरा वर्षं नाहीच. आणि वयात बसणारा माणूस आजारी असेल, तर त्यालाही सूट आहे. मन मानत नसेल तर फादरांशी बोला. एखाद्याचा उपवास दुसऱ्या सत्कृत्यात बदलून द्यायचा अधिकार धर्मग्रामाच्या मुख्य फादरांना कायद्यानेच दिला आहे.

तरीही उपवास धरला तर बिघडतं ते असं. इन्सुलिनची मात्रा जेवण धरून ठरवलेली असते. जेवण चुकलं की रक्तातली साखर ७० च्या खाली घसरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी साखर तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या, आणि सुधारल्यावर खायला घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. इन्सुलिनची मात्रा मनाने कमी-जास्त करायची नाही.

कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर आणि द्राक्षारस, घेण्यापूर्वीच्या उपासाचा इतिहासही आजींना सांगण्यासारखा आहे. त्यांच्या आईवडिलांच्या काळी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ साली पाण्याला परवानगी मिळाली, १९५७ मध्ये उपास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. पाणी आणि औषध याने तो मोडत नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे, यांना तर त्या एका तासाचंही बंधन नाही. यातलं 'शुश्रूषा करणारे' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रात्रभर जागलेली सूनही होती म्हणायची.

रविवारच्या मिस्साचंही, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचंही, तसंच. तान्हं बाळ किंवा आजारी माणूस सांभाळणारा मिस्साला आला नाही तर ते पाप नव्हे. तरी चर्चच्या पायरीवर कुणीतरी विचारतंच, "दिसला नाहीत गेल्या रविवारी?" त्या एका प्रश्नाच्या धास्तीने अंथरुणावरच्या माणसाला घरात एकटं ठेवलं जातं. प्रश्न विचारणाऱ्याने त्याऐवजी दीड तास त्या घरी बसावं. एका मिस्साला त्यांनी जावं, दुसऱ्या मिस्साला तुम्ही.

कम्युनियन घरी येणार असेल तर मेजावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेवा. मात्र खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती अजिबात पेटवू नका. त्या हवेत ठिणगीही भडकते. गिळायला त्रास होत असेल तर आधी सांगा, अगदी लहानसा तुकडा देता येतो. घन पदार्थ गिळताच येत नसेल, तर केवळ द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येतं.

याचा अर्थ सोयीप्रमाणे नियम वाकवावेत असा कुणी काढू नये. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू खडसावतो ते आईवडिलांना द्यायचं धन 'देवाला वाहिलं' म्हणून मोकळं होणाऱ्यांना. तिथे धर्माचं नाव पुढे करून जबाबदारी टाळली जात होती.

चौथ्या शतकात सायप्रसमध्ये स्पिरिदोन नावाचे बिशप होते. सोझोमेन या इतिहासकाराने त्यांची हकिगत लिहून ठेवली आहे. उपवासकाळात एक थकलेला प्रवासी दारी आला. घरात ना भाकरी, ना पीठ. होतं ते खारवलेलं डुकराचं मांस. स्पिरिदोननी प्रार्थना करून क्षमा मागितली आणि मुलीला तेच शिजवायला सांगितलं. मग ते स्वतः आधी जेवायला बसले आणि पाहुण्यालाही खायला सांगितलं. प्रवासी म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, खाणार नाही. स्पिरिदोन म्हणाले, मग तर तू मुळीच नाकारू नयेस; शुद्ध माणसाला सारं शुद्धच असतं.

आजीही एकट्या खायला लाजतात. त्या दिवशी घरातल्या उपवास करणाऱ्यांनी आपलं एक पूर्ण जेवण त्यांच्या जेवणाच्या वेळीच ठेवावं, आणि ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसावं.