काचेचं झाड

मंडळी, आधी हा फोटो बघा. आमच्या मागच्या अंगणातल्या क्रॅबॲपलची, म्हणजे छोट्या आंबट सफरचंदाच्या झाडाची, डहाळी आहे, टोकाला सुकून गेलेलं एक लाल फळ आणि त्याच्याभोवती बर्फाचं कवच, खाली थेंब ओघळता ओघळता तिथेच गोठलाय. 22 डिसेंबर 2013, टोरोंटोजवळची रविवार सकाळ.

हा स्नो नाही बरं का. स्नो भुसभुशीत, फांदी हलली की पडतो. हे फ्रीझिंग रेन. वर हवेचा एक उबदार थर असतो, त्यात हिमकण वितळून पाऊस होतो, आणि जमिनीलगत परत शून्याखालची हवा, पण तो थर इतका पातळ की थेंबाला गोठायला सवडच मिळत नाही, तो पाणीच राहतो आणि फांदीला, तारेला, गाडीला टेकला रे टेकला की जागच्या जागी बर्फ. त्या वेळी टोरोंटोत सुमारे 3 लाख ग्राहकांची लाईट गेली. 1998 च्या जानेवारीत मॉन्ट्रियलकडे तर विजेचे पोलादी मनोरेसुद्धा आडवे झाले होते, मग झाडांची काय कथा.

रात्रभर फांद्या मोडल्याचा आवाज येत होता. कडाड, मग काचा सांडल्यासारखं खळकन, मग शांत. सकाळी मी घाबरून झाडू घेतला आणि क्रॅबॲपलवरचा बर्फ पाडायला गेलो, एक चांगली मनगटाएवढी फांदी हातात आली. गोठलेलं लाकूड ठिसूळ असतं, ते बर्फासकट मोडतं. गरम पाणीही ओतू नका, वितळू द्या. त्या फांदीचं मला आजही वाईट वाटतं.

मग झाडू ठेवला आणि कॅमेरा घेतला. पारदर्शक बर्फावर ऑटोफोकस भिरभिरत राहतो, म्हणून मॅन्युअल. सूर्य बर्फाच्या मागे ठेवा, समोरून उजेड पडला की बर्फ नुसता पांढरा डाग दिसतो. मागे स्नो असेल तर कॅमेरा सगळं राखाडी करतो, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. आणि घरात यायच्या आधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर आतली दमट हवा लेन्सवर पाणी धरते. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा विल्सन बेंटली नावाचा शेतकरी 1885 मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढत होता, गारठलेल्या शेडमध्ये. आपल्याला एवढं तर जमेल.

आता मुद्द्याचं. रात्री लॅपटॉपवर फोटो मोठे करून बघताना सिल्व्हर मेपलच्या बेचक्यात, बर्फाच्या आत, केसाएवढी एक काळी रेघ दिसली. झाडाखाली उभं राहून ती दिसलीच नसती. सिल्व्हर मेपलचं बेचकं व्ही आकाराचं असलं की दोन खोडांच्या मध्ये साल अडकते, लाकूड लाकडाला जुळतच नाही, भार आला की तिथेच उकलतं. म्हणून सांगतो, फोटो काढताना टोकांवरच थांबू नका, बेचकी घ्या.

मोडक्या फांद्यांचं म्हणाल तर वर अडकून लोंबणाऱ्या फांदीखाली कुणी उभं राहायचं नाही, आणि तारेला टेकलेली असेल तर वीज कंपनीला फोन, बस. बाकीची कापताना खोडाला चिकटून कापू नका, फांदीच्या बुडाशी जो फुगीर गळा असतो त्याच्या बाहेरून कापा. झाड जखम भरून काढत नाही, ते तिला आतून बंद करून पुढे वाढतं, आणि ते काम त्या गळ्याकडून होतं. वरून रंग-डांबर फासायची गरज नाही. वाकलेली बर्च असेल तर घाई करू नका, पुष्कळदा ती हळूहळू उभी राहते. आणि शेंडे छाटून झाड बुटकं करून देतो असं कुणी दारात येऊन म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

मेपलचा तो फोटो मी आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवला. त्याने बेचक्यातून आरपार बोल्ट घातला, वर केबल बांधली. हा पुढचा फोटो त्याच बोल्टचा, गेल्या हिवाळ्यातला. साल चढून चढून आता फक्त नटाचं टोक बाहेर आहे, त्यावर बर्फ.